नानी म्हणजे आजी नव्हे : निर्वासितांच्या संस्थेत इंटर्न म्हणून जाताना

विचारणारी मुलगी मूळची नाशिकची, सध्या अमेरिकेत ओहायोमध्ये एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाला आहे. निर्वासितांचं पुनर्वसन करणाऱ्या एका संस्थेत तिला फील्ड प्लेसमेंट, म्हणजे अभ्यासाचाच भाग असलेलं प्रत्यक्ष काम, मिळाली आहे. तिने चार गोष्टी विचारल्या आहेत. इंटर्नला तिथे नेमकं काय करावं लागतं? हिंदी बोलता येतं आणि नेपाळी वाचता येतं, त्याचा उपयोग होईल का? लोकांच्या कहाण्या ऐकून आपणच कोलमडलो तर काय? आणि २०२५ नंतर या क्षेत्रात काही काम उरलं आहे की नाही?

भाषेच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्यात मी स्वतः तोंडावर आपटले आहे.

२०१०चा हिवाळा. मी तेव्हा कोलंबसमधल्या एका संस्थेत तुझ्यासारखीच इंटर्न होते आणि आमच्याकडे भूतानी कुटुंबं एकामागून एक येत होती. भूतानी म्हणजे दक्षिण भूतानमधले नेपाळी बोलणारे ल्होत्शाम्पा. ऑफिसात देवनागरी वाचता येणारी मी एकटी. त्यामुळे आठवडाभरात मी सगळ्यांची लाडकी झाले आणि माझ्या डोक्यात हवा गेली. एका संध्याकाळी फोन आला. पलीकडून सून बोलत होती. 'नानी बिरामी छ, ज्वरो आएको छ.' ज्वरो म्हणजे ताप, हे काय सांगायला हवं? घरात बहात्तर वर्षांची म्हातारी होती. मी तडक दवाखान्याच्या नर्स लाइनला फोन लावला, बहात्तर वर्षांच्या बाईला ताप आहे म्हणून सांगितलं. नर्सने रक्तदाबाच्या गोळ्यांचं विचारलं, तेही मी सुनेला माझ्या हिंदी-नेपाळीत विचारलं. ती बिचारी गोंधळून 'हजुर, हजुर' म्हणत राहिली आणि मी ते होकार म्हणून पुढे ढकलत राहिले. भरपूर पाणी द्या, सकाळी या, असं ठरलं.

सकाळी घरी गेले तर आजी मजेत रायाची, म्हणजे मोहरीच्या पाल्याची, भाजी निवडत बसलेल्या. आणि सुनेच्या मांडीवर चौदा महिन्यांचं पोर, अंग तव्यासारखं तापलेलं. नेपाळीत नानी म्हणजे लेकरू. आजीला ते हजुरआमा किंवा बज्यै म्हणतात.

पोराच्या कानात इन्फेक्शन झालं होतं, औषधाने दोन दिवसांत बरं झालं. माझी सुपरवायझर ओरडली नाही. फक्त म्हणाली, 'केस फाइलमध्ये तुझ्या हाताने लिही की पात्रता नसताना मी दुभाष्याचं काम केलं.' ते वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

तर भाषेचा उपयोग होईल का? होईल, पण तुला वाटतोय तिथे नाही. औषध, पैसा, तारीख आणि सही, या चारपैकी काहीही संभाषणात आलं की दुभाषा बोलवायचा. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेवर, दवाखान्यावर, शाळेवर १९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार ही जबाबदारीच आहे, तो काही उपकार नव्हे. समोरच्या खिडकीवरची बाई 'तुम्हीच सांगा ना त्यांना' म्हणेल, कारण तिला रांग संपवायची असते. तेव्हा शांतपणे म्हणायचं, मी दुभाषी नाही, कृपया फोनवर जोडून द्या. आणि घरातल्या पोरांना मध्ये घालू नये. नऊ वर्षांच्या मुलीने आईच्या पाळीचं दुखणं डॉक्टरला समजावताना मी पाहिलं आहे. दोघींचे चेहरे मला अजून आठवतात.

फोनवरच्या दुभाष्याबरोबर बोलण्याचीही एक रीत असते. सुरुवातीला त्याला दोन वाक्यांत सांगायचं की आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, विषय काय. त्याला बिचाऱ्याला काहीच दिसत नसतं. नंतर नजर फोनकडे नाही, माणसाकडे ठेवायची. एका वेळी एक वाक्य. शेवटी 'समजलं का?' असं कधीच विचारू नये, उत्तर ठरलेलं असतं. 'आता मंगळवारी तुम्ही काय करणार, मला सांगा' असं विचारावं. 'हजुर'चा अर्थ 'हो' इतकाच नसतो. 'ऐकतोय', 'काय म्हणालात?', 'तुम्ही म्हणता तर असेल' हे सगळं त्यात बसतं. आपल्याकडे 'बघू' म्हणतात, त्यात किती अर्थ असतात, तसंच समज.

अफगाण लोकांशी तुझी हिंदी चालेल. अनेकांनी उमेदीची वर्षं पेशावरकडे काढलेली असतात, उर्दू येते, आणि हिंदी सिनेमा तर घरोघरी पोचलेला आहे. पण त्यांची भाषा दरी की पश्तो, हे विचारून घे. एकीचा दुभाषा दुसरीला चालत नाही. रोहिंग्यांना 'बंगालीच ना' म्हणून मोकळी होऊ नकोस. ती वेगळी भाषा आहे, आणि म्यानमारमध्ये त्यांना 'बंगाली', म्हणजे परके, ठरवण्यावरूनच सगळं रामायण घडलं आहे. हिंदीचा खरा उपयोग चहा घेताना, बसस्टॉपवर आणि दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना. तिथे एखादा ओळखीचा शब्द कानावर पडला की माणूस जरा सैल होतो.

देवनागरी वाचता येण्याचा उपयोग नावांमध्ये होतो. एकाच घरात बापाच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एक, मुलाचं दुसरं, आणि सुनेच्या आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीवर, तिसरंच. हे कुणीतरी वेळीच पकडलं नाही तर पुढे ग्रीनकार्डापर्यंत निस्तरत बसावं लागतं. एकच नाव असलेल्या अफगाण माणसाच्या कागदावर आडनावाच्या जागी ते नाव जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे पहिलं नाव अज्ञात. मग शाळेत शिक्षिका हजेरीला 'फ्नू' म्हणून हाक मारते आणि पोराला कळत नाही कुणाला बोलावताहेत. जन्मतारखांचंही तसंच. अख्ख्या कुटुंबाचा वाढदिवस १ जानेवारी पाहिलास तर हसू नकोस, संशयही घेऊ नकोस. आपल्याकडे मास्तरांनी हजारो पोरांना १ जून लावून दिली, तसं इथे १ जानेवारी. एखादे भूतानी आजोबा जन्मसाल १९९९ सांगतील तर ते विक्रम संवत असतं. साधारण ५७ वजा करायचे.

आता काम काय असतं ते.

तुला वाटत असेल की तू लोकांना आधार देणार, समुपदेशन करणार. प्रत्यक्षात तू गाद्या मोजणार आहेस. अमेरिकेची आताची पद्धत १९८०च्या निर्वासित कायद्यापासून सुरू झाली. विमानतळावर उतरलेल्या कुटुंबाचे पहिले ९० दिवस सरकारच्या पैशावर संस्थेने बघायचे, अशी ही मांडणी. २०२२च्या सुमारास माणशी २,२७५ डॉलर मिळायचे. त्यातले १,२२५ त्या माणसासाठी, म्हणजे घरभाडं, डिपॉझिट, भांडीकुंडी सगळं त्यातच. उरलेल्यात संस्थेने पगार आणि कचेरी चालवायची. एवढ्या पैशात किती केस वर्कर ठेवता येतील? म्हणून इंटर्न लागतात. हे आधी समजून घे, म्हणजे पहिल्या आठवड्यात कुणी नीट बोललं नाही तर राग येणार नाही. तुझी केस वर्कर त्या क्षणी तीन फोनवर असते.

नियम काटेकोर असतात. घरात काय काय हवं याची यादी असते. माणशी एक ताट, एक वाटी, एक काटा, एक टॉवेल, गादी, उशी, पांघरूण. गजराचं घड्याळ आणि कॅन ओपनरसुद्धा यादीत आहे. पोचल्यावर त्यांच्या खाण्याच्या पद्धतीचं तयार जेवण घरात हवं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी घरी जाऊन बघायचं. महिन्याच्या आत आरोग्य तपासणी आणि मुलांची शाळा. या यादीत प्रेशर कुकर नाही, हळद-मिरची नाही. तेवढी भर तू घाल. आणि डब्यावरचं लेबल पूर्ण वाच. एकदा रात्री दहा वाजता मी 'भाज्यांचं सूप' म्हणून सहा डबे घेतले. घरी मांडताना सहज मागचा बारीक मजकूर वाचला, तर भाज्या बीफच्या पाण्यात शिजवलेल्या. कुटुंब सकाळी पोचणार होतं, तिलक लावणारं. रात्री परत गाडी काढली, घरी आले, आमच्याच घरचे तांदूळ आणि मुगाची डाळ घेऊन खिचडी टाकली.

पण खरं सांगायचं तर इंटर्नचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे टपाल. त्यावर कुणी प्रशिक्षण देत नाही.

घरात शिरलीस की दाराजवळ किंवा फ्रीजवर एक प्लॅस्टिकची पिशवी असते. अनेकदा आयओएमच्या, म्हणजे त्यांचा प्रवास घडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या, शिक्क्याचीच, निळी-पांढरी, जी छातीशी धरून ते विमानातून उतरलेले असतात. पूर्वी तिच्यात व्हिसा आणि एक्स-रे होते, आता अमेरिकेत आल्यापासूनचं सगळं टपाल. सगळं म्हणजे सगळं. पिझ्झाची कुपनं, गाडीच्या विम्याच्या जाहिराती आणि त्यांच्यामध्ये दडलेलं मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, नूतनीकरणाचं पत्र, ज्याची मुदत परवा संपते आहे. काहीही फेकायचं नाही हे ते कॅम्पमध्ये शिकलेले असतात. तिथे एका कागदावर रेशन अवलंबून असे. त्याच्या उलटही होतं. रेशनचं कार्ड, ओहायोत त्याला डायरेक्शन कार्ड म्हणतात, इतक्या साध्या पाकिटात येतं की जाहिरात समजून कचऱ्यात जातं. मग महिनाभर घरात किराण्याची मारामार.

तर जमिनीवर बस. पिशवी उपडी कर, पण आधी विचारून. ते त्यांचं टपाल आहे. तीन ढीग करायचे, आज बघायचं, जपून ठेवायचं, टाकायचं. ढीग तू करायचे नाहीत. घरातल्या कुणाला तरी, शक्यतो ज्याला अक्षरओळख कमी आहे त्यालाच, पाकिटावरच्या खुणा दाखवायच्या. हा गरुड दिसला की सरकारचं. हा पत्ता दिसला की काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीचं. खिडकीतून तुझं नाव छापलेलं दिसतंय की 'घरमालकास' असं? एक आजोबा होते, त्यांना कुठल्याच भाषेत वाचता येत नव्हतं. तिसऱ्या भेटीत त्यांनी सगळे ढीग स्वतः लावले, फक्त चित्रांवरून, आणि एकच पाकीट माझ्याकडे सरकवलं. विमानाच्या तिकिटांच्या कर्जाचं बिल होतं. हो, तिकिटाचे पैसे परत फेडायचे असतात, बिनव्याजी, साधारण सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. बऱ्याच इंटर्नना हे माहीत नसतं. 'सरकारने आणलं ना, मग बिल कसलं, फसवणूक असेल' असं सांगून मोकळ्या होतात आणि त्या माणसाचं क्रेडिट पहिल्याच वर्षी खराब होतं.

बसचं प्रशिक्षण हेही तुझ्याकडेच येईल. माझी पद्धत अशी. पहिल्या फेरीला मी पुढे. दुसऱ्या फेरीला शेजारी. तिसऱ्या फेरीला मी मागच्या सीटवर आणि तोंड बंद. हे तिसरं फार अवघड असतं. एका माणसाने उतरायची दोरी ओढलीच नाही, दवाखाना डोळ्यांदेखत मागे गेला. मी तीन थांबे गप्प बसले. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर. मग तो उठला, ड्रायव्हरला चिठ्ठी दाखवली, उतरला, रस्ता ओलांडून उलट बस पकडली. अपॉइंटमेंट वीस मिनिटांनी हुकली आणि ती परत घेताना मला बोलणी बसली. पण पुढच्या आठवड्यात तो बायकोला घेऊन आपला आपण गेला. गाडीने सोडलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. ते दहा मिनिटांचं काम मग दर आठवड्याला कुणीतरी करत राहिलं असतं. तुझी प्लेसमेंट मे महिन्यात संपते, त्यांची अपॉइंटमेंट जूनमध्येही असते.

एका गोष्टीत मात्र गप्प बसायचं नाही. बीएमव्हीत, म्हणजे ओहायोच्या आरटीओत, ओळखपत्र काढताना मतदार नोंदणीचं विचारतात. क्लायंट घाबरून सगळ्यालाच 'येस' म्हणत असतो. नागरिक नसताना तिथे खूण झाली तर पुढे ग्रीनकार्ड, नागरिकत्व, सगळं धोक्यात येऊ शकतं. जाण्याआधीच दुभाष्यामार्फत सांगून ठेव. आणि इमिग्रेशनचा कुठलाही फॉर्म 'सोपाच आहे' म्हणून भरून देऊ नकोस. तो सल्ला वकिलाने किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधीनेच द्यायचा असतो. तू भरलेली एक चुकीची तारीख तुला आठवणारही नाही. त्यांना ती पाच वर्षांनी मुलाखतीत विचारतील.

आता तिसरा प्रश्न, कोलमडण्याचा.

कहाणी विचारू नकोस, एवढं आधी पाळ. निर्वासित म्हणून मान्यता मिळेपर्यंत त्यांनी ती अधिकाऱ्यांपुढे पुन्हा पुन्हा सांगितलेली असते, तारीख चुकली तर शंका घेणाऱ्यांपुढे. तुझ्या रिफ्लेक्शन पेपरसाठी आणखी एकदा कशाला? इतिहास तू वाचून जा. १९८५चा भूतानचा नागरिकत्व कायदा, १९८८ची दक्षिणेतली जनगणना, शाळांमधून नेपाळी काढून टाकणं, नव्वदच्या सुरुवातीची हकालपट्टी, मग झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या कॅम्पांत जवळपास दोन दशकं. २००७च्या शेवटी पुनर्वसन सुरू झालं आणि एक लाखाहून अधिक लोक आठ देशांत गेले, त्यातले नव्वद हजारांच्या वर अमेरिकेत. एवढं माहीत असलं की कुणी नुसतं 'बेलडांगी' असं कॅम्पचं नाव घेतलं तरी पुरतं.

मला एकदा एका काकांनीच उलट विचारलं, 'तुमच्याकडे असतात का असे लोक?' मी कोल्हापूरची. सांगितलं की आमच्याजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक राहिले होते, आणि ते गेल्यावर त्याच जागी सिंधी आले, आज तिथे गांधीनगरची कापडपेठ आहे. काकांना पोलंड कुठे ते माहीत नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, 'पाच वर्षांत निघाले? नशीबवान.'

पण कहाण्यांनी इंटर्न कोलमडत नाहीत, हा माझा अनुभव. कहाणी ऐकताना तू सावध असतेस. कोलमडवते ती काउंटीच्या फोनवरची प्रतीक्षा. पन्नास मिनिटं तेच संगीत, मग फोन कट. समोर सहा जणांचं कुटुंब तुझ्या चेहऱ्याकडे बघत. मी रडले ते कुणाच्या आठवणी ऐकून नाही. एका घरात छतावरचा धुराचा गजर बॅटरी संपल्यामुळे चिवचिवत होता आणि त्या लोकांनी तीन आठवडे तो ऐकत झोपायचा सराव केला होता, कारण तो असाच असतो असं त्यांना वाटलं. मी खुर्चीवर चढून बॅटरी बदलली, गाडीत येऊन बसले आणि मग किती तरी वेळ गाडी सुरू करता येईना. दोन डॉलरची बॅटरी. मागच्या भेटीला मीच आले होते, आणि मला तो आवाज ऐकू आला नव्हता.

यावर उपाय साधा आहे आणि तो मागून घ्यावा लागतो. आठवड्याला एक तास सुपरव्हिजन, दार बंद करून. रद्द झाला तर त्याच आठवड्यात दुसरी वेळ माग. संस्था कामात बुडालेल्या असतात, तुझा तास सगळ्यात आधी कापला जातो.

एक गोष्ट मात्र त्या तासापर्यंत थांबवायची नाही. २००९ ते २०१२ या तीन वर्षांत अमेरिकेतल्या भूतानी निर्वासितांमध्ये १६ आत्महत्यांची नोंद झाली. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, तपास केला तेव्हा प्रमाण लाखामागे २०.३ निघालं, एकूण अमेरिकेत ते १२.४ होतं. जगणं नकोसं होण्यामागे जी कारणं पुढे आली त्यांत घराचा कमावता न राहणं हे एक ठळक कारण होतं. कॅम्पमध्ये ज्यांच्या शब्दाला मान होता ते बाप्ये इथे दिवसभर सोफ्यावर बसलेले, आणि सून हॉटेलात चादरी बदलून भाडं भरते आहे. असा कुणी 'आता जगून काय' म्हणाला, हसत म्हणाला तरी, ते गुपित ठेवायचं नाही. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन आधी देऊन बसायचंच नाही. त्याच तासाला सुपरवायझरला फोन. ९८८ हा आत्महत्या रोखण्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक तुझ्या मोबाइलमध्ये असू दे.

चहाचं विचारशील, म्हणून सांगते. कॉलेजात शिकवतील की काही घेऊ नये. चहा घे. ज्या घराला आल्यापासून सगळं दुसऱ्याच्या हातून घ्यावं लागतंय, त्यांना काहीतरी देता येतं ते एवढंच. पैसे, सोनं, कपडे नाही, आणि पैसे देऊही नकोस, पाच डॉलरसुद्धा. शेजारच्या घरी बातमी संध्याकाळपर्यंत पोचते. स्वतःचा मोबाइल नंबर देऊ नकोस. मी दिला होता. रात्री अडीचला फोन आला, शेजारणीच्या चुलतभावाचा, दुसऱ्या राज्यातून.

राहिला शेवटचा प्रश्न. २० जानेवारी २०२५ला राष्ट्राध्यक्षांनी निर्वासितांचा प्रवेश थांबवण्याचा आदेश काढला, चारच दिवसांनी संस्थांना काम थांबवण्याची पत्रं आली. तिकिटं काढून बसलेल्यांची विमानं रद्द झाली. त्याआधीच्या २०२४ या आर्थिक वर्षात एक लाखावर लोक आले होते. २०२६ साठी मर्यादा ७,५०० ठेवली, त्यातही प्राधान्य दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानेरांना. संस्थांनी माणसं कमी केली, काही कचेऱ्या बंद पडल्या. आलेल्यांनाही झळ बसलीच. निर्वासितांची रोख आणि वैद्यकीय मदत बारा महिने मिळायची ती २०२५च्या मे महिन्यापासून चार महिन्यांवर आली. त्याच वर्षीच्या जुलैमधल्या कायद्याने ग्रीनकार्ड मिळेपर्यंत अन्नसाहाय्यही काढून घेतलं.

म्हणून विमानतळावर फुलं घेऊन उभं राहण्याचं काम तुला फारसं मिळणार नाही. पण आलेले लोक इथेच आहेत, आणि आल्यापासून पाच वर्षांपर्यंत त्यांच्यासाठी नोकरी-भाषेच्या सेवा असतात. ग्रीनकार्डाचे अर्ज आहेत. नागरिकत्वाचे वर्ग आहेत, आणि त्यांत तुझा सगळ्यात जास्त उपयोग होईल. परीक्षा अवघड झाली आहे. २० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांचा संच, त्यातले २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. पूर्वी शंभरातले दहा विचारायचे, सहा आले की झालं. म्हाताऱ्यांसाठी हा हौसेचा मामला नाही. निर्वासितांना एसएसआय, म्हणजे वृद्ध आणि अपंगांची मासिक मदत, सात वर्षंच मिळते. तोवर नागरिकत्व नाही आलं तर बंद.

त्या रायाची भाजी निवडणाऱ्या आजी आठवतात? त्यांना स्मृतिभ्रंश सुरू झाला होता. डॉक्टरच्या दाखल्यावर परीक्षेतून सूट मिळवायला आमच्या वकिलाला दोन खेपा लागल्या, शेवटी २०१६ मध्ये झालं. मी त्या वेळी पगारी नोकर होते, तरी त्यांच्या घरी गेले की टपालाची पिशवी माझ्यासाठी काढून ठेवलेली असायची. माझं नाव त्या विसरल्या होत्या. 'आइस् नानी?' म्हणायच्या. आलीस का, बाळ.

या समाजात आत्ता भीती आहे, हेही ध्यानात ठेव. २०२५च्या मार्चपासून काही भूतानी निर्वासितांना अटक करून भूतानला पाठवलं, भूतानने त्यांना ठेवून घेतलं नाही, आणि भारताच्या हद्दीतून काही जण पुन्हा नेपाळात पोचले, जिथून ते निघाले होते. त्यामुळे दार ठोठावलं तर उघडणार नाहीत. आधी दुभाष्याकडून फोन करवून, कोण येणार, किती वाजता, गळ्यात कसलं ओळखपत्र असेल हे कळव. 'आम्हाला पाठवतील का?' असं विचारलं तर 'नाही हो, तुम्हाला काही होणार नाही' असं म्हणू नकोस. ते तुला माहीत नाही. संस्थेच्या वकिलाची वेळ घेऊन दे.

रुजू व्हायच्या आधी संस्थेला विचार की सुपरवायझर कोण, ती आठवड्यात किती दिवस जागेवर असते, आणि स्वतःच्या गाडीतून क्लायंट न्यावे लागतील का. न्यावे लागणार असतील तर विमा कुणाचा आणि लहान मुलांच्या सीट कोण देणार, हे लेखी घे. तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असशील तर सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, मंजुरी हातात आल्याशिवाय पहिला दिवससुद्धा जाऊ नकोस, काम बिनपगारी असलं तरी आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचार. पार्श्वभूमी तपासणीला वेळ लागतो, ती आत्ताच सुरू करून ठेव.

आणि बूट झटकन निघतील असे घाल. दिवसाला पाच-सहा घरं होतात, सगळीकडे दाराशी काढावे लागतात, आणि जानेवारीत लेस सोडेपर्यंत घरातली ऊब बाहेर जाते. हीटिंगचं बिल ते भरतात.